पीएचडी नाशिकहून जळगावला हलवायची का? आधी नोंदणीपत्रावरची तारीख बघा

एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या रिसर्च सेंटरवर त्यांची ऑगस्ट २०२३ ची पीएचडी नोंदणी आहे, विद्यापीठ अर्थातच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. विषय वनस्पतिशास्त्र, काम द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगावर. कोर्सवर्क, म्हणजे पीएचडीचे सुरुवातीचे पेपर, झालंय, दोन हंगामांची सॅम्पल्स हातात आहेत, तिसरा हंगाम सध्या चालू आहे. यंदा मे महिन्यात लग्न झालं, नवऱ्याची नोकरी जळगावला. गाइड मे २०२७ मध्ये निवृत्त होणार आहेत आणि गेल्या अडीच महिन्यांत त्यांनी एकाही मेलला उत्तर दिलेलं नाही. ताई विचारतात, "पीएचडी जळगावच्या विद्यापीठात ट्रान्सफर करून मिळेल का? अमेरिकेत माझ्या मैत्रिणीची ट्रान्सफर महिन्याभरात झाली. की माझी दोन वर्षं पाण्यात गेली?"

मी नाशिकमध्येच बावीस वर्षं गाइड आहे. माझ्याकडून सात जण पीएचडी होऊन बाहेर पडले. त्यातले दोघं दुसऱ्या गाइडकडून अर्ध्यावर माझ्याकडे आले होते, आणि एक मुलगी माझ्याकडून दुसऱ्या विद्यापीठात गेली. त्यामुळे या प्रकरणाच्या दोन्ही बाजू बघितल्या आहेत. आणि मी स्वतः संशोधक असताना माझाही गाइड बदलला होता. ती फजिती पुढे सांगतो.

दोन वर्षं पाण्यात गेलेली नाहीत. पण तुम्ही एक प्रश्न म्हणून जे विचारलंय, त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. राहायचं कुठे, गाइड कोण, आणि डिग्री कोणत्या विद्यापीठाची. तुम्ही तिघांना एकाच दोरीत बांधलंय. मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी एकच विचारतो: समजा सरांनी उद्यापासून रोजच्या रोज उत्तर द्यायला सुरुवात केली, तर तुम्ही विद्यापीठ बदलाल का? उत्तर "नाही" असेल तर तुमची अडचण जळगावची नाही, सरांची आहे, आणि ती नाशिकमध्येच सुटू शकते.

आपल्याकडे एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात पीएचडी "ट्रान्सफर" करणं, म्हणजे बँकेचं खातं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेल्यासारखं, असा सरधोपट मार्ग नाही. विद्यापीठाच्या आत रिसर्च सेंटर बदलता येतं, गाइड बदलता येतो, शीर्षकसुद्धा बदलता येतं. प्रत्येकाला अर्ज, दोन्हीकडच्या एनओसी आणि समितीची मंजुरी लागते, पण नोंदणी तीच राहते. विद्यापीठ बदललं की तिथे नवा प्रवेश घ्यावा लागतो. पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. जळगाव, धुळे, नंदुरबार कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे. मनमाड ओलांडून थोडं पुढे गेलात की नुसता जिल्हा बदलत नाही, तुमच्यासाठी विद्यापीठाची नियमावलीच बदलते.

म्हणून नोंदणीपत्र काढा आणि त्यावरची तारीख बघा. सगळा हिशोब तिथून सुरू होतो. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) सध्याचे पीएचडी नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यात प्रवेशाच्या तारखेपासून कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं दिली आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात, आणि महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत, म्हणजे फार तर दहा. तुमची तीन वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये पुरी होतात, सहा वर्षं ऑगस्ट २०२९ ला. नाशिकमध्येच गाइड बदललात तरी ही तारीख हलत नाही. समजा जळगावला जून २०२६ मध्ये नवा प्रवेश मिळाला, तर किमान तीन वर्षांचं घड्याळ तिथून परत सुरू होणार. म्हणजे काम कितीही तयार असलं तरी जून २०२९ च्या आधी प्रबंध जमा नाही. ज्या महिन्यांत तुमची इथली सहा वर्षंसुद्धा संपत आलेली असतील, त्या महिन्यांत तुम्ही तिथे पहिल्यांदा प्रबंध जमा करायला पात्र ठराल. हे एक वाक्य घरी नवऱ्यालाही वाचून दाखवा.

नव्या प्रवेशाला प्रवेशप्रक्रिया पुन्हा आली. जून २०२४ पासून नेटच्या (राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) गुणांवर पीएचडी प्रवेश देण्याची पद्धत सुरू झाली आहे. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) नसलेल्यांचे ते गुण एकच वर्ष चालतात. तुम्ही २०२३ साली पेटवरून (इथल्या विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेशपरीक्षेवरून) आलात, त्याचा तिथे उपयोग नाही. कोर्सवर्कचं म्हणाल तर नियमाप्रमाणे ते कमीत कमी बारा क्रेडिटचं असतं; त्यातलं काय मान्य करायचं ते नव्या विद्यापीठातली समिती ठरवते. 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स'चा पेपर सगळीकडे सारखाच, तो सुटण्याची शक्यता जास्त. विषयाच्या पेपरबद्दल कुणी तोंडी "होऊन जाईल हो" म्हटलं तर त्यावर विसंबू नका, लेखी घ्या.

यूजीसीच्या नियमांत लग्न झालेल्या मुलींसाठी एक तरतूद आहे, ती बहुतेक जणी अर्धीच वाचतात. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला दुसरीकडे जावं लागलं, तर तिचा संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेऊ द्यावा, असं तिथे म्हटलंय. शब्द डेटाचा आहे, नोंदणीचा नाही. या तरतुदीने तुमची तारीख सोबत येत नाही, तुमच्या वह्या आणि निष्कर्ष येतात. तेही दोन अटींवर. मूळ संस्थेला आणि गाइडला झालेल्या कामाचं श्रेय द्यायचं. आणि ते काम मूळ संस्थेला किंवा गाइडला कुठल्या निधी देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेल्या प्रोजेक्टमधलं नसावं.

तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आलंय: "पहिल्या वर्षाची केमिकल्स आणि पीसीआर सरांच्या प्रोजेक्टमधून झाले." मी तिथेच थांबलो. प्रोजेक्ट बाहेरच्या निधीचा असेल तर पहिल्या हंगामाचा डेटा या तरतुदीखाली तुमच्यासोबत येणार नाही. दुसऱ्या हंगामाचा येऊ शकतो, जर खर्च तुमचा किंवा फेलोशिपचा असेल. आज संध्याकाळी बसून एक तक्ता करा. कोणतं सॅम्पल, कोणत्या गावच्या बागेतून, कोणत्या तारखेला, खर्च कुणाच्या खात्यातून. पुढचा कुठलाही निर्णय या कागदाशिवाय घेऊ नका. नाशिकमध्येच राहायचं ठरलं तरी नव्या गाइडला हाच कागद दाखवावा लागेल.

हा तक्ता मी इतका का धरून बसलोय, ते सांगतो. १९९६ साली माझे गाइड दुसऱ्या गावी गेले. मी इथेच राहिलो, गाइड बदलून घेतला, कागदोपत्री सगळं नीट झालं. पण माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या प्रयोगवह्या जुन्या प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या आणि ते कपाट विभागाच्या नावावर होतं. वही कुणाची, यावर चौदा महिने गेले. कुणी वाईट वागलं नाही, फक्त कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. शेवटी मी अर्धे प्रयोग परत केले. तेव्हा चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांना नावं ठेवली. आज कळतं की गाइड निघायच्या आधी एक पानभर यादी करून त्यांची सही घेतली असती तर ते चौदा महिने वाचले असते.

आता विषयाचं. हे नियमांत सापडणार नाही, पण तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जड हेच वाटतं. डाऊनीची बुरशी आगर प्लेटवर वाढत नाही, तिला जिवंत पान लागतं. तुमचे आयसोलेट (पानांवरून वेगळे काढलेले बुरशीचे नमुने) ट्यूबमध्ये घालून, बर्फात ठेवून जळगावला नेले आणि तिथे फ्रिजमध्ये टाकले, असं होणार नाही. ते सहसा पानावरच पुढे चालवावे लागतात. बागा आहेत निफाड, दिंडोरीत. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट कोवळी असताना पाऊस झाला की तुमचा हंगाम, तो हुकला की वर्ष गेलं. जळगाव केळीचा जिल्हा. तिथला चांगला गाइडसुद्धा तुम्हाला दोन महिन्यांत सांगेल, "अहो, केळीवरच्या करप्यावर करा की, रावेर-यावलला बागा पायाशी आहेत." त्याचं म्हणणं चुकीचंही नसेल. पण मग ती नवी पीएचडी झाली. शीर्षक नवं, वाचन नवं, पहिला हंगाम पुन्हा.

अमेरिकेतल्या मैत्रिणीबद्दलही बोलायला हवं, कारण त्या एका शब्दाने बरेच जण फसतात. तिथे महिन्याभरात जी "ट्रान्सफर" होते ती बहुतेक वेळा सेव्हिस रेकॉर्डची, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या नोंदीची. जुनी युनिव्हर्सिटी ती नोंद नव्या युनिव्हर्सिटीकडे सोडते आणि नवा अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. ही झाली परवानगीची बाजू. पीएचडीसाठी तिथेही सर्वसाधारणपणे नवा अर्ज, नवी शिफारसपत्रं. क्रेडिट किती धरायचे ते नवा विभाग ठरवतो आणि क्वालिफायिंग परीक्षा बहुधा परत द्यावी लागते. बरेच जण पहिल्या ठिकाणाहून मास्टर्स घेऊन निघतात. गाइडच दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेला तर गोष्ट वेगळी. तेव्हा काही विद्यार्थी त्याच्यासोबत जातात, काही जुन्या युनिव्हर्सिटीची डिग्री ठेवून काम मात्र नव्या जागी करतात. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा, तुमच्यासाठी मी सुचवणार आहे तो त्याच्याच जवळचा आहे.

आता सर. ते मे २०२७ मध्ये निवृत्त होतायत. नियमाप्रमाणे निवृत्तीनंतर त्यांना मुख्य गाइड राहता येणार नाही, सत्तर वर्षं वयापर्यंत सहमार्गदर्शक राहता येईल. म्हणजे तुमचा गाइड बदलणारच आहे, तुम्ही मागा किंवा मागू नका. जो बदल भांडून मागायला तुम्ही घाबरताय तो दीड वर्षाने नियमाने दारात येणार आहे. तुम्हाला फक्त तो अलीकडे ओढायचा आहे. "सर, तुमच्या निवृत्तीआधी प्रबंध होईल असं वाटत नाही, तर आत्ताच अमुक मॅडमना मुख्य गाइड करून तुम्ही सहमार्गदर्शक राहाल का?" या वाक्यात तक्रार कुठेच नाही. सरांचं नाव प्रबंधावर राहतं, श्रेय राहतं, मान राहतो. माझ्याकडे आलेल्या दोघांपैकी एक जण याच वाक्यावर आला. दुसरा आधी प्राचार्यांकडे तक्रार करून आला, त्याची एनओसी यायला आठ महिने लागले.

आणि अडीच महिने उत्तर नाही, याचा अर्थ लगेच "सरांना रस नाही" असा काढू नका. मेलवर चॅप्टर पाठवून गप्प बसणारे विद्यार्थी मीही पाहिलेत, आणि मेल न वाचणारा गाइड मी स्वतःही आहे. नॅक (कॉलेजच्या मूल्यांकनाचं काम), परीक्षा, पेपर तपासणी, घरातलं आजारपण, काहीही असू शकतं. डिपार्टमेंटला जाऊन भेटा. चॅप्टर छापून न्या, साठ पानं नको, सहा पानं आणि तीन प्रश्न. भेट झाली की त्याच रात्री दोन ओळींचा मेल टाका: आज हे ठरलं. हे वकिली करण्यासाठी नाही, पुढच्या आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) बैठकीत तुमच्या हातात काहीतरी हवं म्हणून. आरएसीपुढे दर सेमिस्टरला प्रगती मांडायची असते. गाइड भेटत नाही हे तिथे शांतपणे मांडता येतं, आणि तिथल्या इतिवृत्तात आलेलं वाक्य नंतरच्या दहा अर्जांपेक्षा भारी पडतं.

एक अपवाद. सर पैसे मागत असतील, घरची कामं सांगत असतील, तुमच्या पेपरवर भलत्यांची नावं टाकत असतील, किंवा वागणं तुम्हाला नकोसं वाटणारं असेल, तर वरचा सबुरीचा सल्ला बाजूला ठेवा. लैंगिक छळ असेल तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती, बाकी गोष्टींसाठी तक्रार निवारण. तिथे श्रेय आणि मान सांभाळत बसायचं कारण नाही. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहून ठेवतो.

नवा गाइड शोधताना आधी जागा बघायची. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार एवढेच संशोधक असू शकतात. "माझ्याकडे या" असं प्रेमाने म्हणणाऱ्याकडे जागाच नसेल तर उपयोग शून्य. शिवाय त्या गाइडच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते विचारायला लाजू नका. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा राहिलेल्यांना नवा संशोधक घेता येत नाही, आणि पाच वर्षांच्या आत तिसरा गाइड शोधायची वेळ कुणावर येऊ नये. नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्राची रिसर्च सेंटर मोजकी आहेत, गाइड त्याहून मोजके, आणि सगळे एकमेकांना ओळखतात. तुम्ही माझ्याकडे आलात तर मी पहिला फोन तुमच्या सरांनाच लावणार. सगळेच लावतात. म्हणून "तिकडे काय झालं?" या प्रश्नाचं एका वाक्याचं उत्तर तयार ठेवा, "सर निवृत्त होतायत आणि मी जळगावला राहायला जातेय." हे खरंही आहे आणि पुरेसंही.

मग राहायचं कुठे? माझं मत विचाराल तर राहा जळगावला, नोंदणी ठेवा नाशिकला. नाशिकरोडहून जळगाव रेल्वेने तीन-चार तास, गाड्या भरपूर. छाटणीनंतरचे दोन-अडीच महिने माहेरी किंवा हॉस्टेलवर राहून सॅम्पलिंग आणि प्रयोगशाळा, उरलेलं वर्ष जळगावला लिखाण आणि विश्लेषण. रिसर्च सेंटरवर हजेरी किती लागते हे मात्र सेंटरवर अवलंबून आहे. फेलोशिप असेल तर आणखी कडक, कारण दर महिन्याला उपस्थितीचा दाखला जातो. तुम्हाला फेलोशिप आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं निम्मं उत्तर त्यावर बदलू शकतं. फेलोशिप असेल तर ती देणाऱ्या संस्थेची परवानगी आधी, गाइडबदलाचा अर्ज नंतर. उलट क्रमाने केलं तर मधल्या महिन्यांचे पैसे अडकतात, आणि कधीकधी परत भरायला लागतात.

आणि जळगावलाच प्रवेश घ्यायचा असं पक्कं ठरलं, कारण सासर, नोकरी, तब्येत अशी कारणं असू शकतात जी मला इथून दिसत नाहीत, तर क्रम सांभाळा. आधी तिथला गाइड आणि त्याची रिकामी जागा, मग प्रवेशप्रक्रिया, मग तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र हातात, आणि त्यानंतरच इथली नोंदणी रद्द करून मायग्रेशन. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायची जी मुभा यूजीसीने २०२२ मध्ये दिली ती पीएचडीला लागू नाही, त्यामुळे दोन नोंदण्या ठेवता येणार नाहीत. पण घाईघाईने इथलं रद्द करून तिथली यादी बघत बसलेली एक मुलगी मी पाहिली आहे. माझ्याकडून गेलेली तीच. तिला पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही आणि परतीची वाटही तिनेच बंद केली होती. तिचा अर्ज माझ्याच सहीने गेला होता. सही करण्याआधी तिला "पत्र दाखव" म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही.

तुम्ही मला तीन गोष्टी कळवा: नोंदणीपत्रावरची नेमकी तारीख, फेलोशिप आहे का आणि कुणाची, आणि पहिल्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजच्या निधीतला होता की बाहेरच्या. मग आणखी नेमकं सांगता येईल. सरांना भेटायला मात्र येत्या सोमवारीच जा. आणि निफाडच्या बागांमध्ये यंदाची पानं अजून गोळा केली नसतील, तर सरांच्याही आधी तिकडे.